षड्ज ढळतो तेव्हा

१

गाणे कसे संपते ह्यावरून ते गाणे स्वतःला काय समजते हे पुष्कळदा कळून येते. आपल्या रागसंगीतात लय विलंबिताकडून द्रुताकडे चढत जाते, तिहाईच्या तिसऱ्या खेपेस गायक समेवर येतो आणि मैफल त्या उत्कर्षावरच थांबते. पाश्चात्य संगीतात अखेरच्या काही मात्रा हेतुपुरस्सर लांबविण्याची रीत आहे. तेथे चाल मंदावते, परंतु स्वर आपापल्या जागी स्थिर राहतात. ध्वनिमुद्रणाचे युग आल्यावर आणखी एक शेवट रूढ झाला. गाणे चालूच असते, पण तंत्रज्ञ त्याचा आवाज कमी कमी करीत नेतो आणि ते दूर निघून गेल्यासारखे वाटते. ह्यालाच फेड-आउट म्हणतात. ह्या तिहींहून निराळा असा एक चौथा शेवट गेल्या काही दशकांत आपल्या कानांवर सारखा पडू लागला आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो त्याचा.

गाणे ऐन भरात असते. एकाएकी ते जड होते. शब्द लांबू लागतात, स्वर खाली घसरतात, गायिकेचा आवाज पुरुषी होतो, मग घोगरा होतो, मग नुसती घरघर उरते आणि सारे शांत होते. फिरणारी तबकडी कोणी वीज तोडून थांबविली असावी असा भास होतो. लग्नाच्या वरातीत एका गाण्यावरून दुसऱ्यावर उडी घेताना डीजे हीच क्लृप्ती वापरतो, जाहिरातीत विनोदाचा बार फसला की हीच ऐकू येते, आणि नव्या चित्रपटगीतांत ध्रुपदाकडे वळण्यापूर्वी ती हटकून भेटते. संगणकावर संगीत रचणारे लोक तिला 'टेप-स्टॉप', 'व्हायनिल ब्रेक' किंवा 'स्पिन-डाउन' अशा नावांनी ओळखतात. ह्या लेखापुरते मी तिला 'मंदविराम' म्हणतो.

मंदविराम ही केवळ एक गंमत आहे, की त्याला काही अर्थ आहे? अर्थ असल्यास तो कोठे प्रकट होतो आणि कोठे वाया जातो? ह्या प्रश्नांचा विचार करावयाचा, तर प्रथम ह्या क्रियेचे मूळ पाहिले पाहिजे.

२

हे मूळ चाकात आहे. तबकडीवरील खाच सुईखालून ज्या वेगाने सरकते त्या वेगावर दोन गोष्टी एकदमच अवलंबून असतात : गाण्याची चाल आणि गाण्याची पट्टी. वेग निम्मा केला की चाल निम्मी होते आणि सूर बरोबर एक सप्तक उतरतो. वेग चतुर्थांशावर आणला की दोन सप्तके उतरतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी चुकून ४५ फेऱ्यांवर लावली, तर षड्जाच्या जागी जवळजवळ मध्यम ऐकू येतो आणि धीरगंभीर गवई एखाद्या बालनाट्यात शिरल्यासारखा वाटतो. गाणाऱ्या माणसाला लय आणि स्वर ही दोन स्वतंत्र वाहने असतात. चाकाला मात्र ती एकाच जुवाखाली जुंपलेली असतात.

आपल्याकडील जुन्या पिढ्यांना हे ज्ञान ग्रामोफोनच्या चावीने दिले होते. स्प्रिंगवर चालणाऱ्या यंत्राला पुरती चावी दिली नसली, म्हणजे तीन मिनिटांच्या पदाचा शेवटचा अंतरा बसू लागे. घरातील कोणी धावत जाऊन हँडल फिरवी आणि सूर पुन्हा चढत आपल्या जागी येई. तेथे मंदविराम हा अपघात होता. त्यात अर्थ नव्हता, केवळ विरस होता. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कलकत्त्यात. फ्रेड गायस्बर्ग ह्या तंत्रज्ञाने त्या वर्षी गौहर जान हिचे गायन मुद्रित केले. तबकड्या त्या वेळी जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून गायिका पदाच्या अखेरीस इंग्रजीत आपले नाव सांगे. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच सियालदह येथे छपाईचा कारखाना निघाला व १९२८ साली तो डमडमला गेला. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवरील कितीतरी पदे अशी बंगालची वारी करून, तबकडीच्या रूपाने महाराष्ट्राच्या घरी परत आली. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्या प्रवासाचे विशेष अगत्य वाटावे.

गौहर जानच्या त्या शेवटाकडे जरा लक्ष द्यावे. तेथे गाणे संपते आणि माणूस आपली सही करतो. मंदविरामातही गाणे संपते आणि सही होते, पण ती माणसाची नसते, यंत्राची असते. 'आतापर्यंत जे ऐकलेत ते कोणी गात नव्हते. एक चाक फिरत होते,' असे जणू ते यंत्र सांगते. ह्या अखेरच्या कबुलीतच मंदविरामाचा सगळा अर्थ साठविलेला आहे, असे मला वाटते.

ही कबुली किती खोल जाते ह्याचे एक उदाहरण देतो. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या दशकांत सर्वच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत नसत. काही संथ, काही वेगवान असत. ७४ फेऱ्यांनी घेतलेले गाणे ७८ फेऱ्यांवर वाजविले, तर ते जवळजवळ एक पट्टी वर चढते आणि ताना मुळापेक्षा चपळ भासतात. म्हणजे एखाद्या जुन्या कलावंताच्या काळी-पांढरीविषयी आपण जे ठामपणे बोलतो, त्यातील काही भाग कदाचित त्याच्या गळ्याचा नसून आपल्या मोटारीचा असतो. चाक नीट फिरते आहे तोवर हा संशय आपल्या मनाला शिवत नाही. मंदविराम तो उघडपणे जागा करतो.

१९७२ साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने 'टेक्निक्स एसएल-१२००' हे टर्नटेबल बाजारात आणले आणि अपघाताचे रूपांतर कौशल्यात होण्याची सोय झाली. पट्ट्याऐवजी थेट मोटारीवर फिरणारी तिची जड थाळी बोटाने रोखता येई आणि सोडताच पुन्हा वेग घेई. १९७९ च्या सुधारलेल्या आवृत्तीत स्थिरावस्थेतून पूर्ण वेगावर येण्यास अवघे ०.७ सेकंद पुरत. बटण दाबून थांबविली तर ब्रेक लागून थाळी चटकन थांबे. यंत्राची वीजच तोडली तर ती आपल्याच वजनाने फिरत राहून सावकाश निवत जाई. हा दुसरा प्रकार म्हणजेच मंदविराम. नृत्यगृहातील तबकडी-वादकांनी तो उचलला, त्यांच्या श्रोत्यांना तो आवडला, आणि पुढे सारे संगीत संगणकात गेल्यावर तोही मागोमाग तेथे गेला.

३

संगणकात चाक नाही. तेथे गाणे म्हणजे आकड्यांची रांग असते; सामान्यतः दर सेकंदास ४४,१०० आकडे. ही रांग सावकाश वाचली की तबकडी मंदावल्याचा परिणाम मिळतो. परंतु संगणकाला त्याची गरज नाही. १९६६ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन ह्यांनी फेज व्होकोडर ही पद्धत मांडली, आणि तिच्या व तिच्यासारख्या पद्धतींच्या बळावर आज चाल आणि सूर एकमेकांपासून सोडविता येतात. गाणे निम्म्या चालीने वाजवूनही पट्टी तीच ठेवता येते. जे जू चाकाला कधीच झुगारता आले नाही ते संगणकाने सहज झुगारले. तेव्हा संगणकावरील मंदविराम म्हणजे तरुण नटाने म्हाताऱ्याची भूमिका करावी तसा प्रकार आहे. ते दौर्बल्य त्याच्या अंगचे नाही. तो ते मुद्दाम वठवितो. आणि ते त्याने कसे वठविले, हे पाहणे समीक्षकाचे काम ठरते.

निरनिराळ्या संगीत-प्रणाली ही भूमिका कशी समजतात ते पाहण्याजोगे आहे. 'लॉजिक प्रो'मध्ये ध्वनितुकड्याच्या अखेरीस फेड-आउट द्यावयाचा असतो तेथेच त्याचा प्रकार बदलून 'स्लो डाउन' करता येतो. म्हणजे ही प्रणाली मंदविरामाला शेवटांच्या कुळात बसविते. 'प्रो टूल्स'मधील 'व्हॅरी-फाय' त्याला ध्वनीवर करावयाची एक प्रक्रिया मानते. 'एबलटन लाइव्ह'मध्ये तुकड्याचा वॉर्प-प्रकार 'री-पिच' ठेवून गतीची रेषा खाली ओढावी लागते. चाल आणि सूर पुन्हा जुंपल्यावाचून तेथे तबकडी जन्मास येत नाही. 'ऑडॅसिटी'च्या 'स्लायडिंग स्ट्रेच'मध्ये चाल व सूर ह्यांचे बदल वेगवेगळे भरावे लागतात, आणि त्यांचा मेळ घालण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर पडते. 'आयझोटोप'च्या 'व्हायनिल'मध्ये तर धूळ, ओरखडे आणि झीज ह्यांच्या शेजारीच 'स्पिन-डाउन'चे बटण आहे. तेथे मंदविराम म्हणजे जुनेपणाचा पोशाख. शेवट, प्रक्रिया, जुंपण आणि पोशाख अशा ह्या चार समजुती आहेत, आणि रचनाकार ज्या दाराने आत शिरतो त्या दाराची समजूत नकळत त्याच्या गाण्यास चिकटते.

मंदविराम खरा वाटतो की खोटा, हे प्रथम त्याच्या उताराच्या रेषेवर ठरते. थाळीला अडविणारे बल जवळजवळ सारखेच राहिले तर वेग सरळ रेषेत उतरतो, पण सूर तसा उतरत नाही. समजा, थांबावयास दोन सेकंद लागणार आहेत. पहिल्या एका सेकंदात सूर एकच सप्तक उतरेल. पुढचे सप्तक अर्ध्या सेकंदात, त्यापुढचे पाव सेकंदात, त्यापुढचे अष्टमांश सेकंदात. आणि उरलेल्या शेवटच्या अष्टमांश सेकंदात तो ऐकू येण्याच्या मर्यादेखाली बुडून जाईल. आधी आब राखून रेंगाळणे आणि मग अकस्मात कोसळणे, असा हा उतार आहे. उलट, वेग दर क्षणी सारख्याच प्रमाणात घटत ठेवला तर सूर एखादा जिना उतरावा तसा एकसारखा उतरतो. ऐकावयास तो सुबक लागतो, परंतु त्यात वजन जाणवत नाही. कान गणित करीत नसला तरी जड वस्तू कशी थांबते हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

दुसरी गोष्ट आवाजाची. तबकडीच्या चुंबकीय पिकअपमधून निघणारा विद्युत्-संकेत सुईच्या वेगावर अवलंबून असतो. म्हणून थाळी मंदावते तसतसा तो क्षीणही होत जातो. त्यातच वरचे स्वरांश खाली उतरल्याने नाद पांघरुणाआडून आल्यासारखा होतो. संगणकावर सूर उतरविला पण आवाज तितकाच ठेवला, तर शेवटची घरघर अंगावर आल्यासारखी वाटते. ज्याला धाप लागली आहे तो ओरडत नाही, हे साधे निरीक्षण पुष्कळ रचनाकार विसरतात.

तिसरी गोष्ट तालाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. वेग सरळ रेषेत उतरून दोन सेकंदांत थांबला, तर त्या दोन सेकंदांत मूळ गाण्याचा एकच सेकंद खर्ची पडतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे दोन सेकंदांत चार मात्रा व्हावयास हव्यात. प्रत्यक्षात मंदावणाऱ्या गाण्याच्या दोनच मात्रा होतात; त्यांतील पहिली सुमारे ०.५९ सेकंदात सरते आणि दुसरी सुमारे १.४१ सेकंद घेते. पहिली मात्रा जेमतेमच लांबलेली असल्याने श्रोत्याला प्रथम काही कळत नाही. दुसऱ्या मात्रेत त्याच्या पायाखालची जमीन जाते. पण त्याच्या मनातील चार मात्रा मात्र चालूच असतात. गाणे थांबले तरी त्याची बोटे मांडीवर ठेका धरून असतात. पुढची सम त्याच्या आतल्या मोजणीने जेथे यावयाची, नेमकी तेथेच ती आली तर त्याला जो आनंद होतो, तो तबलजीने अनाघात टाकून समेवर उतरावे ह्या आनंदाच्या जातीचा असतो. सम चुकली तर उरतो तो केवळ बिघाड.

४

येथे कोणी म्हणेल की सूर घसरत नेणे आपल्याला नवे नाही. आपल्याकडे मींड आहे. बाह्यतः हे खरे आहे. मींडेतही एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे असते, आणि रुद्रवीणेसारख्या वाद्याचे सौंदर्य पुष्कळसे तिच्यावरच उभे आहे. पण मींड घेताना मागे तंबोरा चालू असतो. षड्ज हलत नाही. म्हणूनच पंचमावरून गांधारावर येणारा स्वर वाटेत किती उतरला, कोठे रेंगाळला, कोठे टेकला हे आपल्याला समजते. मींड हा स्थिर क्षितिजाच्या पार्श्वभूमीवरचा प्रवास आहे. मंदविरामात क्षितिजच खाली जाते. गाणारा, साथ, ठेका आणि तंबोरा ही सारी एकाच वेळी, एकाच प्रमाणात उतरतात. स्वरांमधील नाती शेवटपर्यंत शाबूत राहतात, पण ज्याच्या आधाराने ती नाती मोजावयाची तो षड्जच ढळतो.

विलंबित लयीशी त्याची तुलनाही अशीच फसवी आहे. विलंबितात गायक लय सावकाश करतो ती स्वराला जागा मिळावी म्हणून. तेथे मंदपणा हे ऐश्वर्य असते. मंदविरामात मंदपणा ही झीज असते. एकात काळ वाढतो, दुसऱ्यात तो आटतो.

मग ह्या घसरणीत स्थिर असे काहीच नाही काय? आहे. ते गाण्यात नसून श्रोत्यात आहे. त्याच्या मनातील ठेका आणि त्याला नुकताच आठवत असलेला षड्ज ही दोन त्याच्यापाशीच राहतात. यंत्राने हात सोडला म्हणजे आतापर्यंत आपण किती गोष्टी मनातच धरून ठेविल्या होत्या हे उघडकीस येते. मंदविरामाची कलात्मक शक्यता ह्या एका गोष्टीत आहे. रचनाकाराने श्रोत्याच्या मनातील त्या शिल्लक षड्जाचा आणि ठेक्याचा विचार केला, तर मंदविराम अर्थपूर्ण होतो. न केला तर तो नुसता आवाजाचा खेळ राहतो.

५

हा निकष हाती घेऊन काही कृती पाहू.

अमेरिकन संगीतकार जॉन केज ह्याने १९३९ साली सिअॅटल येथील कॉर्निश स्कूलमध्ये असताना 'इमॅजिनरी लँडस्केप क्रमांक १' ही रचना केली. तिच्यात तारा हाताने दाबलेला पियानो आणि झांज ह्यांच्या जोडीला वेग बदलता येणाऱ्या दोन ग्रामोफोन-थाळ्या आहेत, आणि त्यांवर परीक्षणासाठी बनविलेल्या नुसत्या स्वरांच्या तबकड्या. वेग बदलला की ते निर्विकार स्वर घसरतात. केजने येथे एक मोठे पाऊल टाकले : गाणे साठविण्याच्या यंत्राला त्याने स्वतःच वाद्य केले. परंतु त्याच्या तबकड्यांवर गाणे नव्हते. ज्या स्वराला मानवी गळा नाही त्याच्या ढळण्याने हुरहूर लागत नाही. कुतूहल तेवढे जागे होते. पायंडा पडला, पण अर्थ यावयाचा राहिला होता.

तो अर्थ मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' ह्या १९६८ च्या चित्रपटात. अंतराळयानाचा कारभार पाहणारा संगणक हाल ह्याने माणसांचे जीव घेतल्यावर उरलेला अंतराळवीर त्याच्या स्मृतीचे एकेक पान उपसून काढू लागतो. हाल विनवणी करतो, आपल्याला भीती वाटत असल्याचे सांगतो, आणि अखेर शिकविलेले 'डेझी बेल' हे जुने गीत म्हणू लागतो. म्हणता म्हणता त्याचा आवाज संथ होतो, खाली उतरतो आणि विझतो. 'डेझी बेल'ची निवड सहेतुक होती. १९६१ साली बेल प्रयोगशाळेत एका संगणकाकडून हेच गीत म्हणवून घेतले होते.

आता विचार करा : हाल हा काही चाकावर चालत नाही. स्मृती काढून घेतली तर संगणक अडखळेल, चुकेल, मुका होईल. पण त्याचा सूर उतरण्याचे कारण काय? चित्रपटाने येथे विज्ञानापेक्षा ग्रामोफोनवर विश्वास ठेविला. यंत्राचे मरण कसे ऐकू येते हे त्या काळच्या प्रेक्षकाला चावी संपलेल्या ग्रामोफोनने शिकविले होते, आणि त्याच ओळखीवर हा प्रसंग उभा आहे. ह्यात उलटापालटही मोठी मार्मिक आहे. गायिकेचा आवाज तबकडीवर मंदावतो तेव्हा माणसाच्या जागी यंत्र दिसू लागते. हालचा आवाज मंदावतो तेव्हा यंत्राच्या जागी माणूस दिसू लागतो, आणि ज्याने खून केले त्याची आपल्याला दया येते. ग्रामोफोन कधीही न पाहिलेल्या आजच्या मुलालाही हा प्रसंग कळतो, कारण थकलेल्या, पेंगुळलेल्या माणसाचा आवाज तो रोज ऐकतो. तबकडीची स्मृती ओसरली तरी देहाची स्मृती आपले काम करीत राहते.

तिसरे उदाहरण टेक्सासमधील ह्यूस्टन शहराचे. तेथील रॉबर्ट अर्ल डेव्हिस ऊर्फ डीजे स्क्रू ह्या तबकडी-वादकाने १९९० नंतरच्या दशकात रॅप-गीते एकंदरीतच मंद करून कॅसेटवर भरण्यास आरंभ केला. त्याची कला केवळ मंद करण्याची नव्हती. एकाच गीताच्या दोन तबकड्या एका मात्रेच्या अंतराने लावून तो एकीवरून दुसरीवर जाई, एखादा शब्द पुन्हा आणी, ओळ मध्येच चिरी. आवाज खोल गेलेला, शब्द जड झालेले, आणि त्यांतून ही नेमकी चिरफाड. त्यामुळे मंदपणातही हात कोठे सुटला नाही अशी खात्री श्रोत्याला मिळत राही. त्याने मंदविरामाची उतरंड घेतली नाही. त्या उतारावरील एका पायरीवर जाऊन तेथेच घर बांधले. १९७१ साली जन्मलेला हा कलावंत २००० साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. आज त्याच्या तबकड्यांचा संग्रह ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेविलेला आहे. आपल्या परिसराच्या लोकांसाठी कॅसेटी भरणाऱ्या माणसाचा असा सन्मान झाला हे त्या शहराला भूषणावह आहे.

६

आता आपल्या आजच्या परिस्थितीकडे वळू. हिंदी-मराठी गीतांच्या 'स्लो अँड रिव्हर्ब' आवृत्त्या तरुणांच्या कानांत सतत वाजत असतात. डीजे स्क्रूच्या घराण्याशी त्यांचे नाते दूरचे असले तरी उघड आहे. गीताची गती, समजा, शेकडा पंधराने कमी केली म्हणजे पट्टी सुमारे तीन अर्धस्वरांनी उतरते. वर भरपूर घुमारा घातला की प्रत्येक ओळीभोवती धुके जमते. कोणतेही गीत ह्या यंत्रातून काढले तरी ते विरहगीत होऊन बाहेर पडते. हाच त्याचा दोष आहे. मूळ गायकाने ज्या शब्दावर श्वास रोखला होता आणि ज्यावर नुसते स्मित केले होते, त्या दोहोंवर सारखीच उदासी पसरते. डीजे स्क्रूने मंद केलेल्या गाण्यात स्वतः काही केले होते; येथे बहुधा मंद करून सोडून दिलेले असते.

ह्या टीकेवर आक्षेप येईल, आणि तो मला ऐकण्याजोगा वाटतो. परप्रांती राहणाऱ्या माणसाला ध्वनिमुद्रित आवाज हाच बहुधा गावाचा आवाज असतो. त्याने आपल्या हुरहुरीला साजेल इतके गाणे सावकाश करून घेतले तर बिघडले कोठे? मी म्हणतो, ऐकणाऱ्याचे काही बिघडले नाही. पण हुरहूर आधी त्याच्यापाशी असावी लागते. यंत्राने ती प्रत्येक गाण्यात आगाऊच भरून ठेविली, तर त्याच्या स्वतःच्या हुरहुरीला त्या गाण्यात जागा उरत नाही. मूळ चालीतील एखादे आनंदी पद दूरच्या गावी ऐकताना डोळे भरून येतात ते ह्या विसंगतीनेच. आनंदी पदही उदास करून वाढले, तर ती विसंगती मोडते आणि भावना सपाट होते.

मंदविरामाच्या चालू वापरालाही हेच लागू पडते. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा नृत्यगृहात जेव्हा तो समेचे भान ठेवून येतो, तेव्हा त्याची निंदा करण्याचे मला कारण दिसत नाही. हजार माणसांच्या अंगात भिनलेला ठेका क्षणभर त्यांच्याच स्वाधीन करावा आणि नेमक्या समेवर परत घ्यावा, ही लोकसंगीताला शोभेल अशीच युक्ती आहे. तेथे यंत्र बाजूला होते आणि समुदायाला आपलीच लय ऐकू येते. कथाचित्रात, नाटकात किंवा गीतात जेथे काहीतरी खरोखर संपते आहे, विश्वास तुटतो आहे, सोंग उघडे पडते आहे, तेथेही मंदविराम शोभतो. कारण सोंग उघडे पाडणे हाच त्याचा स्वभाव आहे. पण प्रत्येक ध्रुपदाआधी, प्रत्येक जाहिरातीत, केवळ बटण हाताशी आहे म्हणून तो आला की त्याची कबुली खोटी होते. रोज उठून 'मी मरतो' म्हणणाऱ्याकडे घरातले लोक जसे लक्ष देत नाहीत, तसे श्रोत्यांचे होते.

म्हणून ही क्लृप्ती योजणाऱ्याने आधी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. येथे गाण्याने आपण यंत्र असल्याचे सांगावे, असे गाण्याच्या अर्थात काही आहे काय? आणि गाणे थांबल्यावर श्रोत्याच्या मनात जो षड्ज व जो ठेका उरणार आहे, त्यांचे पुढे मी काय करणार आहे? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल आणि दुसऱ्याचे उत्तर ठरलेले असेल, तर त्याने खुशाल थाळीची वीज तोडावी. मग येणारी सम पूर्वीपेक्षा अधिक गोड लागेल. आणि सम यावयाचीच नसेल, तर मागे राहणारी शांतताही त्या गाण्याचाच एक भाग होईल. उत्तरे नसतील, तर तिहाई आहे, लांबविलेली अखेरची मात्रा आहे, हळूहळू दूर जाणारा फेड-आउट आहे. ह्या जुन्या शेवटांनी पुष्कळ चांगल्या गाण्यांची आजवर उत्तम पाठवणी केलेली आहे.